त्या उन्हाळ्यात मी बरा होतो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या डॉक्टरीणबाईंनी माझं पोट शिवलं त्यांना नाही, आणि ज्याला पहिल्यांदा सांगायला हवं होतं त्या अंबादासला तर मुळीच नाही. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात हर्नियाचं ऑपरेशन झाल्यावर मी घरी पडून होतो, असं सगळे समजत होते. मी पडून नव्हतो. मी बरा झालो होतो आणि रोज पहाटे सायकल हाणत दौलताबादच्या रस्त्याला लागत होतो. शहर पाण्यावाचून तडफडत होतं आणि मी शीळ घालत होतो. उभ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे दिवस कोणते, असं कुणी विचारलं तर आजही माझ्या मनात तेच येतात. लाज वाटते ती याचीच.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं, "पाणी सोडणाऱ्या माणसाला लोक काय काय ऐकवतात ते लिहा, वाचायला मजा येईल." ते लिहितोच. पण एकदा कागद पुढं ओढला म्हटल्यावर दुसरंही बाहेर पडणार, हे मला आधीच माहीत होतं.

तर मी पाणी सोडणारा माणूस. लोक आम्हाला वॉलमन म्हणतात, वॉल म्हणजे व्हॉल्व्ह. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्त्यात एक लोखंडी झाकण असतं, त्याखाली खड्डा, खड्ड्यात पाइपावर बसवलेला व्हॉल्व्ह. आमच्याकडे त्याची चावी असते. चावी म्हटल्यावर कनवटीला लावायची वस्तू डोळ्यांपुढं आणू नका. छातीपर्यंत येणारी लोखंडी सळई, वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. ती खड्ड्यात सोडायची, व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि दोन्ही हातांनी, खरं म्हणजे दोन्ही हात, कंबर आणि पोट मिळून, फिरवायची. हळूहळू. घाईनं सोडलं तर पाणी दणका देतं आणि पुढं कुठंतरी पाइप फुटतो. आधी हवा येते, नळ खोकतात, मग गढूळ, मग पाणी. पाणी निघालं का ते बघायला आम्ही चावीच्या दांड्याला कान लावतो. लोखंडातून लांबचं पाणी ऐकू येतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, हा माणूस खांबाला डोकं टेकून रडतोय.

पैठणच्या घाटावर माझे वडील भिक्षुकी करत. भावंडांनी टेबल-खुर्ची धरली, एक बँकेत, एक शाळेत. मी बारावीला दोनदा आपटलो आणि रोजंदारीवर पाण्याच्या खात्यात लागलो. आमच्या शहरात पाणी पैठणच्या धरणातून येतं, आणि मीही पैठणचाच. फरक इतकाच की पाण्याची लोक वाट बघतात. पहिल्या दिवशी मला ज्याच्या जोडीला दिलं तो अंबादास, पिशोरचा, शेतकऱ्याचा पोरगा, माझ्याच वयाचा. त्यानं मला पायापासून शेंडीच्या जागेपर्यंत न्याहाळलं आणि मुकादमाला विचारलं, "जोशी? ह्यो चावी फिरवणार व्हय? का लाइनीचा नारळ फोडायला आणलाय?" तेव्हापासून त्यानं मला देवाच म्हटलं. "देवा, झाकण उचल." "देवा, मागं सरक, बोटं जातील." असं.

आमच्या कामात जोडी ही मोठी गोष्ट. दोघांचे भाग वेगळे, पण एक रजेवर गेला की दुसऱ्यानं त्याचाही भाग सांभाळायचा. खातं बदली माणूस देत नाही. याला आम्ही उसनी पाळी म्हणतो. आज तू माझी केलीस, उद्या मी तुझी करीन. लिहून ठेवत नाही, विसरतही नाही. दुसरी रीत अशी की प्रत्येकाचे व्हॉल्व्ह प्रत्येकाचे. एकेका व्हॉल्व्हचा स्वभाव असतो. एक सुरुवातीला अडतो, एक शेवटाला. त्या खोडी ज्याच्या त्याला माहीत, आणि आम्ही त्या सहसा एकमेकांना सांगत नाही. सुगरण आपल्या आमटीत काय घालते ते सांगत नाही, तसं.

माझा भाग पडेगावच्या बाजूच्या नव्या वसाहतींचा. मी लागलो तेव्हा तिथं ज्वारी होती. मग फलक लागले, मग पाया, मग घरं, आणि घरांच्या वर घरं. पाइप तोच राहिला. दोनशे घरांसाठी टाकलेल्या पाइपातून हजार घरं पाणी ओढू लागली. आधी दिवसाआड, मग दोन दिवसांआड, मग आठवड्यावर गेलं. आणि या सगळ्याचा हिशेब लोकांनी कुणाला विचारायचा? जो चावी घेऊन समोर येतो त्याला. एका बाईंनी मला राखी बांधली आणि ओवाळणी म्हणून अर्धा तास जास्तीचं पाणी मागितलं. एक निवृत्त हेडमास्तर खड्ड्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि मी चावी फिरवताना मोठ्यानं आटे मोजायचे, मी एखादा चोरीन म्हणून. स्नेहनगरच्या वत्सलाबाई पाणी चुकलं की मला आग्रहानं चहा पाजायच्या. "घ्या ना जोशी. बोअरच्या पाण्याचा आहे. आम्ही रोज पितो, तुम्ही एकदा प्या." त्या चहाला पितळेची चव होती. मी प्यायचो.

बहुतेक वॉलमन मोटारसायकलवर गेले होते. आमच्या जोडीच्या दोन सायकली राहिल्या. चावी सायकलच्या दांड्याला ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधायची आणि निघायचं. पुढचं चाक जड, वळताना चावी गुडघ्याला लागते. वीस वर्षं मी चावीसकटच सायकल चालवली.

दुष्काळाच्या त्या वर्षी धरणानं तळ गाठला. दाब नाही, म्हणून व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा उघडायचे, मिटायचे, याचं तोडून त्याला द्यायचं. हिवाळा सरता सरता माझ्या जांघेत एक फुगवटा आला. खोकलो की बाहेर, आडवा झालो की आत. अंतर्गळ म्हणजे काय ते मला माहीत होतं, आमच्या कामात दर दोन-तीन माणसांमागं एकाला असतो. मी रुमालाची घडी करून वर लंगोट आवळला आणि काम चालू ठेवलं. सुनंदाला, माझ्या बायकोला, वाटलं मी फार देवधर्माला लागलोय, एवढा वेळ न्हाणीत काय करतो. पकडलं अंबादासनंच. एकदा चावी फिरवताना मी थांबून खाली हात दाबला.

"दाखव," तो म्हणाला.

"रस्त्यात?"

"मग काय मंडप घालू? दाखव म्हणतो ना."

त्यानं बघितलं आणि मला सायकलवर बसूच दिलं नाही. माझी सायकल एका हातानं, त्याची दुसऱ्या हातानं, असा दोन्ही ढकलत दवाखान्यापर्यंत आला. वाटेत म्हणाला, "तुझा भाग मी बघतो. तू आतडं आत घालून ये."

ऑपरेशन झालं. आत जाळी बसवली. अंबादास भेटायला आला तेव्हा खाटेजवळ वाकून म्हणाला, "म्हंजे पंक्चरच काढलं की. ठिगळ लावलं, आता हवा भरून बघायची." मला हसू आलं आणि हसलो की टाका ओढायचा. "हसवू नको रे," म्हणालो. "देवा, तू हसतोस कुठं, कण्हतोस," तो म्हणाला. निघताना मी त्याला माझ्या भागातल्या व्हॉल्व्हच्या खोडी सांगितल्या, रीत मोडून. सगळ्या नाही. घाईत एक राहिली. स्नेहनगरचा व्हॉल्व्ह अडला की त्याला जोर लावून उपयोग नसतो. आधी थोडा आवळायचा, मग सोडायचा. हे सांगायचं राहिलं. राहिलं म्हणतोय, पण थोडं ठेवूनही घेतलं असेल. सगळ्या चाव्या कोण देतं?

सुरुवातीचे आठवडे खरंच वाईट गेले. शिंक आली की पोटाशी उशी धरायची. अंथरुणातून उठायचं तर आधी कुशीवर, मग हातावर भार, म्हाताऱ्या बैलासारखं. पण शरीर भरून येत होतं. तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "सायकल?"

त्या माझ्या भाचीच्या वयाच्या. हसल्या. "काका, लोक विचारतात मटण कधी, जिना कधी. तुम्ही सायकल विचारताय."

"त्याच्यावरच पोट आहे, बाई."

"हरकत नाही. सपाट रस्ता, सीट खाली घ्या, उभं राहून पायडल मारायचं नाही. आणि टांग टाकून चढू नका. दुखलं की उतरायचं. ती तुमची लोखंडी चावी मात्र इतक्यात नाही. पुढच्या वेळी बघून सांगते."

टांग टाकायची नाही! पुरुषी सायकलवर टांग न टाकता चढायचं कसं? मी फिरायला जातो असं सुनंदाला सांगून पहाटे छावणी भागातल्या चाचांच्या दुकानात गेलो. चाचा आमच्या खात्याच्या सायकली दुरुस्त करायचे, आणि शहरात कुणीच तासावर सायकल नेत नसताना त्यांनी भाड्याच्या तीन-चार अजून ठेवल्या होत्या. नमाज झाली की दुकान उघडायचे.

"क्या जोशीसाब, ये कैसी चाल? नवी दुल्हन जैसे चल रै."

"ऑपरेशन हुआ ना, चाचा."

"मालूम. अंबादास बोला, जाली बिठाए बोलके. सायकल होना क्या?"

"लेडीज है क्या?"

"किसके वास्ते?"

"मेरे वास्ते."

चाचांनी टोपी मागं सरकवली. आतून एक सायकल काढली. गुलाबी. पुढं टोपली. "लेव. ब्रेक लगते, घंटी बजती. शरम तुम अपनी घर से लाओ, वो भाडे से नै मिलती."

मी मधूनच पाय घातला आणि बसलो. पहिलं पायडल मारताना सगळं अंग कान झालं होतं. जाळी ओढते का, टाका सुटतो का. चाक एकदा फिरलं. काही झालं नाही. दुसऱ्यांदा फिरलं. काही नाही! छावणीच्या चिंचांखालून रस्ता सरळ होता, रिकामा होता, आणि पुढचं चाक इतकं हलकं, की जरा हात लावला की वळायचं. वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या सायकलला चावी नव्हती. गुडघ्याला काही लागत नव्हतं. कुणी खिडकीतून "ओ पाणीवाले!" म्हणत नव्हतं. मी घंटी वाजवली. समोर कुणी नव्हतं, तरी वाजवली. परत वाजवली. एसटीच्या दारातून एक कंडक्टर ओरडला, "काय काका, पोरीला शाळेत सोडून आलात का?" मी त्याला हात केला. डोळ्यांना पाणी येत होतं ते वाऱ्यानं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पडेगावपर्यंत. मग मिटमिट्याच्या पुढं. मग एक दिवस दौलताबादचा किल्ला समोर उभा राहिला, उगवत्या उन्हात तांबडा, आणि मला सलाम ठोकावासा वाटला. तुम्ही म्हणाल, चाळिशी उलटलेल्या माणसाला एवढं काय. सांगतो. पोट फाटलेल्या माणसाला कळतं की आपण पिशवी आहोत, कधीही उसवेल अशी. आणि मग ती पिशवी एके दिवशी चढ चढते, धापा टाकत, पण चढते, आणि पलीकडं उतार असतो. उताराला पायडल थांबवायचं, पाय लांब करायचे, शर्टात वारा भरून घ्यायचा. मला तर मोठ्यानं ओरडावंसं वाटायचं, आणि मी ओरडायचो. दोन्हीकडं शेतं करपलेली, ओढे कोरडे, विहिरींवर टँकरची रांग, हे दिसायचं. दिसत नव्हतं असं म्हणणार नाही. एकदा तर एक गळका टँकर पुढं चालला होता. त्याच्या मागच्या नळातून पाण्याचा तुषार उडत होता. आयुष्यभर मी गळती दिसली की जीव टाकून पळालोय. त्या दिवशी मी त्याच्या मागं सायकल लावली आणि तोंड वर करून भिजलो. लांबपर्यंत भिजलो. ड्रायव्हरला हाक मारून "नळ आवळ" म्हणालो नाही.

संध्याकाळी अंबादास यायचा. दोन भागांचं काम करून, भिंतीला पाठ टेकून जमिनीवरच बसायचा. खुर्चीत बसलो तर उठवणार नाही म्हणायचा. त्याच्या तळव्यांना फोडांवर फोड आले होते. तरी गोष्टी सांगायचा.

"आज एका बाईनं माझ्या सायकलीची हवा सोडली. म्या म्हणलं, ताई, हवा सोडून पाणी येतंय व्हय? ती म्हणली, तू पाणी सोडंना, मी हवा तरी सोडते."

सुनंदा हसता हसता त्याला चहा द्यायची. मी पलंगावर, जांघेवर हात ठेवून. तो आत यायच्या आधी मी आडवा झालेला असायचो.

"लई दुखतं का अजून?"

"ओढ बसते."

"पड मग. घाई करू नको. मी हाय ना."

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी दाबून बघितलं, खोकायला लावलं आणि म्हणाल्या, "छान भरलंय. हलक्या हातानं कामावर जायला हरकत नाही. दुखतं का?"

इथं मला "नाही" म्हणायचं होतं. एकच शब्द. मी म्हणालो, "दुखतं." त्यांनी माझ्याकडं बघितलं, विश्वास ठेवला, आणि आणखी विश्रांती सांगितली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला आनंद झाला होता. शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यावर होतो तसा.

कुठल्या दिवशी कुठल्या वसाहतीची पाळी ते मला पाठ होतं. त्यामुळं अंबादास पहाटे कुठं असेल ते कळायचं, आणि तो रस्ता मी टाळायचो. वीस वर्षांची विद्या मी माझ्याच जोडीदाराला चुकवायला वापरत होतो. पण एक दिवस वीज गेली, टाकी उशिरा भरली, सगळ्या पाळ्या पुढं सरकल्या. मला हे कुठून कळणार? मी दौलताबादहून मजेत परतत होतो. ऊन वर आलं होतं म्हणून स्नेहनगरच्या मागच्या, झाडांच्या रस्त्यानं वळलो. आणि थांबलो.

पुढं चौकात गर्दी होती. घागरी, कॅन, प्लास्टिकचे ड्रम. मधोमध अंबादास. व्हॉल्व्ह अडला होता. तो चावीवर सगळा भार टाकत होता, दांडा पोटाशी धरून, पाय रोवून, जोर लावून. भोवती बायका ओरडत होत्या, "अहो, फिरवा की!" "आमच्या जोशींना जमतं, तुम्हाला कसं जमत नाही?" वत्सलाबाईंचा आवाज मी ओळखला. अंबादासचा शर्ट पाठीला चिकटला होता. एकदा तो सरळ झाला, कपाळ पुसलं, हात कमरेवर ठेवून आभाळाकडं बघितलं आणि पुन्हा वाकला.

आधी आवळ, मग सोड. एवढंच. मी नुसती हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. हाक नको तर खिशात फोन होता. झाडामागून फोन करून, घरूनच बोलतोय असं भासवून सांगता आलं असतं. तेही सुचलं होतं मला. पण तेवढ्यात तो वर बघेल, ही गुलाबी सायकल बघेल, घामानं भिजलेला, तांबूस झालेला, ठणठणीत मी बघेल, या भीतीनं मी सायकल वळवली.

तिथून मोठ्या रस्त्यापर्यंत उतार आहे. आणि खरं सांगायचं म्हणून लिहायला बसलोय तर हेही लिहितो. तो उतारही मला आवडला. वारा लागला आणि बरं वाटलं.

संध्याकाळी अंबादास आला नाही. त्याची बायको आली. चावी फिरवताना पोटात कळ आली, तो तिथंच बसला. मला झालं होतं तेच झालं होतं, पण माझ्यासारखं हळूहळू नाही, एकदम. आतडं अडकलं होतं, त्याच दिवशी पोट उघडावं लागलं. दवाखाना तोच. मी गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुमच्या जोडीत हा आजार साथीचा आहे की काय?" मी म्हणालो, "बाई, माझं दुखणं थांबलंय. कामावर जातो." त्यांना ते फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी स्नेहनगरच्या चौकात मी चावी लावली. आधी आवळला. सोडला. लोण्यासारखा फिरला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. "जोशी आले, पाणी आलं!" वत्सलाबाईंनी चहा आणला, तो गोड होता.

पुढं पाऊस येईपर्यंत मी दोन्ही भाग केले. खात्यात माझं नाव झालं. पोट शिवलेला माणूस जोडीदारासाठी उठला म्हणून. अंबादासच्या आईनं पिशोरहून माझ्यासाठी ज्वारीचं पोतं पाठवलं. तिच्या हातची भाकरी मी पूर्वी कितीदा खाल्ली होती. त्या पोत्याची भाकरी मात्र मला गिळवत नव्हती, आणि सुनंदा म्हणायची, "दळण बिघडलं का?"

अंबादासची जखम चिघळली, फार दिवस चालली. त्याला परत चावी मिळाली नाही. टाकीवर बसायचं काम दिलं, पाण्याची पातळी बघायची आणि फोन करायचा. ज्याला रोज दहा बायकांशी भांडल्याशिवाय जेवण जात नव्हतं तो माणूस टाकीवर एकटा. एकदा म्हणाला, "देवा, तिथं बोलायला पारवे हायेत. तेबी ऐकून घेतात, उलटून बोलत न्हाईत. काय मजा?" सायकल तर त्यानं सोडलीच. बसलो की फाटेल, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. टाकीवर रिक्षानं जायचा, नाहीतर पोरगा सोडायचा.

यातच वर्षं गेली. धरण भरलं, पुन्हा आटलं, पुन्हा भरलं. पडेगावच्या पुढं शेत उरलं नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा चाचांचं दुकान आत गल्लीत गेलं. मी सायकल चालवतच राहिलो, पण तो उन्हाळ्यातला हलकेपणा काही परत आला नाही. मग गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी अंबादासच्या घरी गेलो आणि त्याला म्हणालो, "चल. सायकल चालवायची."

"येडा झाला का? पोट हाय का काय हाय?"

"डॉक्टरीणबाईंना विचारून आलोय. तुझे कागदही दाखवले. चालेल म्हणाल्या."

"त्यांचं काय जातंय चालेल म्हणायला."

तरी आला. बायकोनं ढकलला म्हणून आला. चाचांनी लेडीज सायकल काढली. गुलाबी रंग उडून आता ती कुठल्याच रंगाची राहिली नव्हती. अंबादास तिच्याकडं बघून म्हणाला, "म्या यावर बसलो तर पिशोरला तोंड दाखवता यायचं न्हाई." चाचा म्हणाले, "पिशोर किधर है, अंबादास, इधर तो छावनी है. बैठ."

तो बसला. मी मागून कॅरियर धरला, पोराला शिकवताना धरतात तसा. गल्लीत त्यानं तीनदा पाय टेकले, तीनदा शिव्या घातल्या, चौथ्यांदा टेकला नाही. मी पळत होतो, धापा टाकत. "धरलंय ना?" तो ओरडला. "धरलंय!" मी म्हणालो. हात सोडून बराच वेळ झाला होता. त्याला ते कोपऱ्यावर कळलं, आणि तो जो ओरडला! "आयला! आयला देवा! चाललंय की! बघ, चाललंय!" गल्लीतली कोंबडी उडाली, एका म्हाताऱ्यानं खिडकी उघडली. अंबादास वळून आला, घंटी वाजवत, समोर कुणी नसताना. त्याच्या पांढऱ्या मिशीखालचं ते हसू मी इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं. मी नाचलो. खरंच नाचलो, भर गल्लीत.

तो उतरला आणि चाचांना म्हणाला, "चाचा, ही सायकल गुणाची हाय."

"रहेंगीच," चाचा म्हणाले. "जोशीसाब बी इसीच पे चंगे हुए ना. वो सूखे के साल में. रोज फजर को लेके जाते थे, पूरी गर्मी. दौलताबाद तक."

अंबादासनं माझ्याकडं बघितलं. नुसतं कुतूहलानं. "कवा रं? तू तर पडून व्हतास."

मी लगेच हसलो. "चाचा, तो पुढचा उन्हाळा. तुमचं वय झालं आता, सगळी सालं एकच वाटतात तुम्हाला."

चाचा हातातला पाना बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी खात्री होती, मग ती गेली. "होयेंगा," ते म्हणाले. "आजकल याद नै रहता, बाबा." आणि अंबादास त्यांना समजावत म्हणाला, "चालतंय चाचा, मलाबी सकाळचं जेवण आठवत न्हाई."

आता दर रविवारी आम्ही दोघं जातो. अंबादासला दौलताबादच्या अलीकडचा तो उतार फार आवडतो. पाय लांब करून, शर्ट फुगवून जातो आणि खाली पोहोचल्यावर माझी वाट बघत थांबतो, कारण मी उताराला ब्रेक लावतो. मला विचारतो, "देवा, घाबरतोस कशाला? तूच तर शिकवलं." दर वेळी मला तिथंच सांगावंसं वाटतं. दर वेळी तो इतका खुश असतो की मी म्हणतो, पुढच्या रविवारी.

अंबादास अंक वाचत नाही, पण त्याची सून वाचते, आणि ती त्याला वाचून दाखवील. म्हणून अंक छापून यायच्या आत मला जायचं आहे. 'आधी आवळ, मग सोड' एवढं मी त्याला वेळेवर सांगितलं नाही, आणि सांगितलं का नाही, हे त्याच्या तोंडावर सांगणं माझ्याकडं बाकी आहे. चाचांना त्यांची आठवण शाबूत आहे, हे सांगणं बाकी आहे. आणि बरा असूनही घेतलेली अंबादासची एका उन्हाळ्याची उसनी पाळी माझ्याकडं आहे. ती मी फेडू शकत नाही, कारण त्याच्याकडं आता चावीच नाही.